मानेचा क्लेमांसो तेलरंगात कसा उतरवावा: कॅनव्हासपासून व्हार्निशपर्यंत

जुन्या उस्तादांची चित्रं कॉपी करून व्यक्तिचित्र शिकायचं म्हटलं की बहुतेक जण रेम्ब्रांटचं नाव सांगतात. तेलरंगाशी तुमची थोडीफार ओळख झाली असेल, चार-सहा चेहरे रंगवून झाले असतील, तर मी एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार एदुआर माने सुचवेन. आणि त्याच्या चित्रांतलं १८७९-८० मध्ये रंगवलेलं फ्रेंच राजकारणी जॉर्ज क्लेमांसोचं व्यक्तिचित्र. हाताची घडी घालून उभा असलेला माणूस, काळा कोट, पांढरी कॉलर आणि मागे राखट-हिरवट पोकळी. पदक नाही, पडदा नाही, खांब नाही. चित्र बघताना वाटतं, हे दोन बैठकींत होईल. काम सुरू केलं की कळतं, मानेने जे केलंय ते उतरवणं फारसं अवघड नाही, त्याने जे केलं नाही ते न करणं अवघड आहे. या लेखातल्या सगळ्या सूचना त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी माणूस

ब्रश हातात घेण्याआधी समोरचा माणूस कोण हे माहीत हवं, नाहीतर उतरते ती फक्त मिशी. क्लेमांसोचा जन्म १८४१ चा. शिक्षणाने डॉक्टर. १८७० मध्ये पॅरिसमधल्या मोंमार्त्रचा महापौर, १८७६ पासून फ्रान्सच्या संसदेत. चित्र काढलं तेव्हा तो ३८ वर्षांचा होता आणि 'ला ज्युस्तिस' हे स्वतःचं दैनिक त्याने १८८० च्या जानेवारीत सुरू केलं. मंत्रिमंडळं पाडणारा वक्ता ही त्याची ख्याती याच दशकातली. 'वाघ' हे टोपणनाव, १९०६ चं पंतप्रधानपद, पहिल्या महायुद्धातलं नेतृत्व हे सगळं पुढचं. म्हणजे आपण रंगवणार आहोत तो इतिहासाच्या पुस्तकातला पांढऱ्या मिशांचा म्हातारा नव्हे. काळ्याभोर भुवयांचा, कपाळावरचे केस मागे हटलेला, घाईत असलेला विरोधी बाकावरचा खासदार आहे.

मानेशी त्याची ओळख राजकारणातून. मानेचा भाऊ ग्युस्ताव्ह पॅरिसच्या नगरपालिकेच्या राजकारणात होता, आणि माने स्वतः पक्का प्रजासत्ताकवादी. चित्र क्लेमांसोला काही आवडलं नाही, हे त्याने नंतर लपवलंही नाही. तरी १९०७ मध्ये, तो पंतप्रधान असताना, मानेची 'ऑलिंपिया' लुव्रमध्ये गेली ती त्याच्याच पुढाकाराने. (ज्याच्या कमळांच्या भव्य चित्रांसाठी क्लेमांसो शेवटपर्यंत झटला तो मोने. हा माने. नावांत एका मात्रेचा फरक, माणसं वेगळी.)

या व्यक्तिचित्राच्या दोन आवृत्त्या आहेत. एक पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, ती अमेरिकन संग्राहक लुईझीन हॅवमायर यांनी १९२७ मध्ये फ्रान्सला भेट दिली. दुसरी, आकाराने मोठी, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात. आपण पॅरिसची घेऊ. शिकण्यासाठी तीच बरी, कारण तिच्यात लपायला जागा नाही.

समोर ठेवायचं चित्र

इंटरनेटवर या चित्राच्या डझनभर प्रती सापडतील आणि प्रत्येकीत पार्श्वभूमीचा रंग निराळा असेल. कुठे पिवळट, कुठे निळसर. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रत घ्या आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहा. चेहरा एका प्रतीवरून आणि कोट दुसरीवरून घेतलात तर रंग कधीच जुळणार नाहीत.

दोन प्रिंट काढा, दोन्ही ए-३ आकाराच्या, मॅट कागदावर: एक रंगीत, एक कृष्णधवल. चकचकीत फोटो-पेपर नको, काळ्या भागात दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि नेमकं जे बघायचं तेच दिसत नाही. पहिल्या दिवशी रंग उघडूच नका. कृष्णधवल प्रिंट समोर लावा, सहा फुटांवर उभे राहा आणि डोळे किलकिले करून बघा. तीन टोन उरतात: कोट आणि केसांचा गडद, पार्श्वभूमीचा मधला, चेहरा-कॉलरचा उजळ. हे तीन आकार पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलने भरा, पाच-सहा वेळा. प्रकाश कोणत्या बाजूने येतो, नाकाची सावली कुठे पडते, कोणता खांदा पार्श्वभूमीत विरतो आणि कोणता कापल्यासारखा उठून दिसतो, हे शब्दांत लिहून ठेवा. हा कागद नंतर इझलवरच चिकटवायचा आहे.

कॅनव्हास

मूळ चित्र ९४.५ × ७४ सेंटिमीटर. लुव्रमध्ये बसून कॉपी करणाऱ्या चित्रकारांसाठी जुना नियम आहे, नक्कल मूळ आकाराची करायची नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. घरी बसून करतानाही मी हे दोन्ही पाळायला सांगेन. एकपंचमांश लहान केलं तर साधारण ७५.५ × ५९ सेंटिमीटर होतं. दुकानात मिळणारा २४ × ३० इंचांचा तयार कॅनव्हास याच्या अगदी जवळचा आहे, फक्त रुंदीला अर्धा इंच जास्त. तो अर्धा इंच पार्श्वभूमीत जाऊ द्या. माणूस रुंद करून जागा भरू नका, क्लेमांसो लगेच जाडा दिसतो.

तयार कॅनव्हासवर जेसोचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, पांढरा थर असतोच. त्यावर आणखी एक हात द्या, वाळला की बारीक पॉलिशपेपर मारा. मग पांढऱ्यात चिमूटभर रॉ अंबर आणि कणभर काळा (इथे तिन्ही अ‍ॅक्रिलिक) मिसळून फिकट राखी रंगाचा पातळ हात. इथे एक निवड दडलेली आहे. त्या काळातले लेआँ बोनासारखे प्रतिष्ठित चित्रकार चेहरा अंधारातून बाहेर काढत. बोनाने आदॉल्फ तिएर या फ्रेंच राजकारण्याचं १८७६ मध्ये केलेलं व्यक्तिचित्र बघा: गडद पार्श्वभूमी, वरून येणारा झोत, उजेडाच्या जागी जाड रंग. माने उलट्या टोकाने येतो, फिकट पायावर सरळ रंग ठेवतो. पाया गडद तपकिरी घेतलात तर बोना होईल, माने होणार नाही.

रंग आणि हत्यारं

टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, कोबाल्ट ब्लू, आयव्हरी ब्लॅक. सात ट्यूब, बस. मानेच्या काळचा पांढरा शिशाचा होता. तो विषारी, घरात नको. पण टायटॅनियम त्याच्यापेक्षा थंड आणि जास्त झाकणारा, म्हणून पांढऱ्याच्या ढिगात सुरुवातीलाच कणभर ऑकर घालून ठेवा. झिंक व्हाइट स्वस्त असला तरी टाळा, वर्षांनी त्याचा थर ठिसूळ होतो.

ब्रश डुकराच्या केसांचे, ताठ, चपटे: दहा, सहा आणि चार नंबर. बारीक मऊ ब्रश एकच, तोही शेवटच्या तासापर्यंत डब्यात. पॅलेट नाइफ मात्र चांगली लवचीक घ्या, ती या कामात ब्रशइतकीच लागते. टर्पेंटाइन, जवसाचं तेल, जुने सुती कपडे. खिडकी उघडी ठेवा. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा, नाहीतर पसरून वाळवा आणि मगच फेका.

रेखांकन

चौकटी पाडायची सवय असेल तर थोड्याच पाडा. मी उभी मधली रेघ, आडवी मधली रेघ आणि दोन कर्ण एवढंच घेतो, प्रिंटवर आणि कॅनव्हासवर सारखंच. दोन्हींचं लांबी-रुंदीचं प्रमाण एक असलं पाहिजे, त्यामुळे तो जादा अर्धा इंच आधी रेघ मारून बाजूला काढा. मग कोळशाने डोक्याची उंची, खांद्यांचा उतार, दोन कोपर.

या चित्राचा सांगाडा म्हणजे हाताची घडी. डोकं वर, दोन कोपर खाली, मिळून एक त्रिकोण होतो आणि सगळा माणूस त्यावर उभा आहे. एक कोपर बोटभर जरी वर गेला तरी वाद घालायला उभा राहिलेला माणूस थंडीने काकडलेला दिसतो. म्हणून चेहऱ्याला हात लावण्याआधी कोपरांची जागा मापून घ्या: डोक्याच्या उंचीच्या किती पट खाली, मधल्या रेघेपासून किती दूर. चेहऱ्यात फक्त भुवयांची रेघ, नाकाचं टोक, मिशीची खालची कड आणि हनुवटी. डोळे काढायचे नाहीत.

जमलं की फडक्याने हलके झटकून जादा कोळसा पाडा आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरने रेघा पक्क्या करा. अंबर लवकर वाळतो. दुसऱ्या दिवशी काम सुरू करता येतं.

पार्श्वभूमी

१८६५ मध्ये माने माद्रिदला गेला आणि सतराव्या शतकातल्या वेलाझ्केझ या स्पॅनिश उस्तादाची चित्रं बघून थक्क झाला. त्यातही एका विदूषकाच्या, पाब्लो दे व्हायादोलिदच्या चित्राने. काळ्या कपड्यांतला माणूस आणि त्याच्याभोवती जमीन-भिंतीची रेघसुद्धा नाही, नुसती हवा. मित्राला पाठवलेल्या पत्रात त्याने हे आवर्जून लिहिलंय. क्लेमांसोच्या मागची पोकळी तिथून आली आहे असं मी मानतो. सांगायचा हेतू हा की पार्श्वभूमी हे चित्रातलं उरलेलं काम नव्हे. ती माणसाइतकीच रंगवायची आहे.

हिरवी ट्यूब घेतली नाही त्याचं कारण इथे कळेल. आयव्हरी ब्लॅकमध्ये यलो ऑकर घाला, मळकट हिरवा होतो. त्यात पांढरा घालत प्रिंटच्या टोनपर्यंत या. ढीग मोठा करा, निदान दोन मोठे चमचे, कारण हाच रंग पुढे कोटाच्या कडांवर आणि चेहऱ्याच्या बाजूला लागणार आहे. दहा नंबरच्या ब्रशने सगळ्या दिशांनी फटकारे मारत लावा. रंग पातळ ठेवा, पण सपाट करू नका. काही जागी खालचा राखी पाया दिसू द्या. डोक्याच्या आणि खांद्यांच्या रेघेच्या थोडं आत रंग शिरू द्या, म्हणजे नंतर कोट त्यावर ओल्यात ओला बसतो आणि कड मऊ होते.

काळा कोट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. काळ्या कोटावर काळी बाही, तीसुद्धा छातीवर घडी घातलेली. एकाच काळ्याने भरलं तर भोक पडल्यासारखं दिसतं. सुरकुत्यांवर राखाडी रेघा ओढून उठाव आणायला गेलात तर कोट पत्र्याचा होतो.

पॅलेटवर तीन ढीग करा. पहिला काळा अधिक कोबाल्ट, थंड. दुसरा काळा अधिक बर्न्ट सिएना, उबदार. तिसरा पार्श्वभूमीच्या ढिगातला थोडा रंग काळ्यात मिसळून केलेला, या तिघांत सगळ्यात उजळ. उजेडाकडे वळलेले भाग, म्हणजे वरच्या बाहीचा पृष्ठभाग, खांद्याचा माथा, तिसऱ्याने. सावलीत गेलेले दुसऱ्याने. मधलं सगळं पहिल्याने. तिन्ही ढिगांतला टोनचा फरक इतका कमी ठेवा की सहा फुटांवरून कोट एकच काळा दिसावा आणि दोन फुटांवर आल्यावर बाही छातीपासून सुटावी. हे तपासायला दर पंधरा मिनिटांनी मागे जा. बसून रंगवणाऱ्याला हा कोट कधीच जमणार नाही, खुर्ची खोलीबाहेर ठेवा.

फटकारा बाहीच्या लांबीच्या दिशेने, आणि जिथे बाही कोपरात वळते तिथे दिशा बदलून. उठाव टोनपेक्षा या दिशेने जास्त येतो. दिवा बाजूने पाडून बघा, रंगातले ब्रशच्या केसांचे ओरखडेच कापडाचं काम करताना दिसतील.

आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो आणि त्याला तेलही भरपूर लागतं. त्याचा जाड थर खाली घालून वर लवकर वाळणारा रंग चढवला की काही महिन्यांत भेगा पडतात. म्हणून कोट शक्यतो एका थरात, एका बैठकीत पुरा करा. दुरुस्ती लागलीच तर तो भाग सुरीने खरवडून पुन्हा लावा, वरून चोपडू नका.

चेहरा

कोटाच्या दिवशी चेहऱ्याला हात लावू नका. स्वतंत्र दिवस द्या, सकाळचा उजेड, तीन तास.

मानेच्या चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो मधले टोन गाळतो. शाळेत आपल्याला शिकवतात, उजेडाकडून सावलीकडे जाताना मध्ये पाच-सहा पायऱ्या हव्यात. इथे दोन, फार तर तीन. उजेडाचा मोठा सपाट तुकडा आणि त्याला लागून सावली. त्याच्या समकालीन टीकाकारांना हीच गोष्ट खटकायची.

तीन ढीग: उजेडासाठी पांढरा, ऑकर आणि कॅडमियम रेडचा थेंब. मधल्यासाठी त्याच ढिगात रॉ अंबर. सावलीसाठी अंबर, बर्न्ट सिएना आणि टोचणीभर कोबाल्ट. कातडीच्या रंगात काळा घालू नका, या चित्रात काळा कपड्यांसाठी आणि केसांसाठी राखून ठेवायचा आहे. सहा नंबरच्या ब्रशने आधी कपाळ. ते मोठं आणि मोकळं आहे, त्याचा टोन बसला की बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघता येतात. मग गालाचा उजळ भाग, नाकाची बाजू, हनुवटी. सगळं ओल्यात ओलं, जागी ठेवलेला फटकारा पुन्हा घोळवायचा नाही.

भुवया आणि मिशी हे आकार आहेत, केस नव्हेत. चार नंबरच्या ब्रशने काळा अधिक अंबर घेऊन एकेका फटक्यात ठेवा आणि ओला असतानाच एक कड बोटाने किंचित कातडीत ओढा. भुवईखालची सावली आणि डोळ्याचा खड्डा एकच तुकडा समजा. बुबुळ म्हणजे त्या तुकड्यातला आणखी गडद ठिपका. डोळ्याचा पांढरा भाग पांढऱ्याने रंगवायचा मोह सगळ्यांना होतो. तो कातडीच्या मधल्या टोनचा आहे, कधीकधी त्याहूनही गडद.

तीन तासांनी बघा. नाही जमलं? मग डोळा सुधारत बसू नका. पूर्ण चेहरा सुरीने खरवडा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि उद्या पुन्हा. खाली धूसर छाप राहते, ती उद्याच्या कामाला उपयोगीच पडते. मानेची पद्धत हीच होती. आपली शिष्या एव्हा गोन्झालेसचं व्यक्तिचित्र तो करत होता, ते १८७० च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात, लागलं. त्या वेळी चित्रकार बेर्थ मोरिझोने घरी लिहिलेल्या पत्रांत सांगितलंय की चाळीस बैठकी होऊनही डोकं परत पुसलेलंच आहे. आंतोनँ प्रुस्त या राजकारणी मित्राचं १८८० चं चित्र, जे आज अमेरिकेतल्या टोलेडोच्या संग्रहालयात आहे, तेही सात-आठ कॅनव्हास वाया गेल्यावर एका दमात उतरलं, असं प्रुस्तने स्वतः नोंदवून ठेवलंय. तेव्हा आपला एक चेहरा खरवडताना रडायचं कारण नाही.

कॉलर, हात, आणि हात आखडणं

कॉलर ही चित्रातली सगळ्यात उजळ जागा. तरी ट्यूबमधला शुद्ध पांढरा नको. पांढऱ्यात पार्श्वभूमीचा रंग नखभर मिसळून घ्या, भरपूर रंग उचला आणि दोन-तीन फटक्यांत ठेवा. टाय आणि कॉलर यांची कड धारदार हवी, नजर तिथून चेहऱ्याकडे चढते.

हातांपाशी मानेने काम थोडक्यात आटोपलंय. बोटं मोजून, नखं काढून ते पुरे करावेसे वाटतील. केलेत की नजर चेहऱ्यावरून उतरून हातांवर बसते आणि चित्र मोडतं. कृष्णधवल प्रिंट उलटं धरा, कॅनव्हासही उलटा ठेवा आणि हातांचे फक्त उजळ-गडद तुकडे बघून लावा. उलटं असताना बोटं ओळखू येत नाहीत, त्यामुळे नको तेवढं रंगवलंही जात नाही.

मग आरसा. इझलकडे पाठ करून आरशात चित्र बघा. कलंडलेलं डोकं, वर गेलेला कोपर, फार पुढे आलेली कॉलर हे दोष आरशात लपत नाहीत. एवढेच दुरुस्त करा. 'अजून जरा' असं वाटणाऱ्या बाकीच्या जागांची यादी कागदावर लिहा आणि ब्रश धुऊन टाका. आठवड्याने ती यादी वाचा. बहुतेक नोंदी खोडाव्याच लागतात.

वाळवण आणि व्हार्निश

हे काम शक्यतो दिवाळीनंतर धरा. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये कोट वाळायला तिप्पट वेळ घेतो, कॅनव्हास सैल पडतो आणि मागच्या बाजूने बुरशी धरते. पावसाळ्यातच करावं लागलं तर चित्र भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या. सैल पडलेला कॅनव्हास चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलकेच ठोकून ताणता येतो. पोटमाळ्यावर अंधारात ठेवलं तर जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडाच्या खोलीत, पण थेट उन्हापासून लांब, अशी जागा बघा.

वाळल्यावर काळा कोट ठिकठिकाणी मळकट, निस्तेज दिसू लागेल. घाबरू नका आणि वरून रंग तर अजिबात लावू नका. खालच्या थराने तेल शोषून घेतल्यामुळे हे होतं. रीटच व्हार्निशचा, म्हणजे शेवटच्या व्हार्निशआधी द्यायच्या हलक्या व्हार्निशचा, पातळ हात दिला की काळ्याची खोली परत येते. शेवटचं व्हार्निश निदान सहा महिन्यांनी, पावसाळा टाळून, कोरड्या दिवशी. सॅटिन घ्या. पूर्ण चकचकीत घेतलंत तर कोटात समोरची खिडकी दिसत राहील.

कॅनव्हासच्या मागे, लाकडी पट्टीवर, मऊ पेन्सिलने लिहा: 'एदुआर माने, जॉर्ज क्लेमांसो, १८७९-८०, यावरून नक्कल', खाली तुमचं नाव आणि साल. समोर, रंगवलेल्या बाजूला, काहीही लिहू नका.